ग्रामसभा, समुद्रकिनारा आणि आपण



१५ ऑगस्टला आपल्याकडे दोन सण एकाच दिवशी येतात. सकाळी मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाची मिस्सा असते आणि शाळेच्या मैदानात झेंडावंदन. तिसरी गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात असते. बहुतेक गावांत त्याच दिवशी किंवा त्याच्या आसपास ग्रामसभा भरते, आणि त्या वेळी आपली माणसे सणाच्या जेवणाला बसलेली असतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ग्रामसभेचे रूढ झालेले दिवस. नक्की तारीख नोटिशीत असते, ती इकडे-तिकडे होऊ शकते. यांतला १ मे हा कामकरी संत योसेफ यांचा सण आणि १५ ऑगस्ट मरियामातेचा. म्हणजे चारपैकी दोन सभा आपल्या सणाच्या दिवशी पडतात. त्यांना आपण नसतो, हे समजू शकते. उरलेल्या दोन सभांना आपण का नसतो, याला मात्र सणाचे कारण सांगता येत नाही.

यंदा पॅरिश कौन्सिलशी बोलून १५ तारखेची मिस्सा सकाळी सात वाजता ठेवली आहे. सणाचे जेवण दुपारी एकच्या पुढे होईल. मधला वेळ कशासाठी मोकळा ठेवला आहे, ते या लेखात सांगायचे आहे. लघु ख्रिस्ती समूहांनी या महिन्याच्या बैठकीत तो वाचावा.

लेखाचे विषय दोन आहेत असे प्रथम वाटेल. एक, गावाच्या सभेला जाणे. दुसरा, समुद्रकिनारा, बाग, किल्ला, मैदान अशा सार्वजनिक जागांचे नियम पाळणे. पहिला विषय निघाला की लोक म्हणतात, "ते राजकारण." दुसरा निघाला की म्हणतात, "ते पर्यटकांना सांगा, फादर." आमच्या मते हे दोन्ही विषय एकाच दोरीचे दोन पदर आहेत. फलकावर जो नियम रंगवलेला असतो तो कुठल्या तरी खोलीत, कुठल्या तरी बैठकीत ठरलेला असतो. त्या बैठकीला आपण नव्हतो म्हणून तो नियम आपल्याला परक्याचा वाटतो, आणि परक्याचा नियम मोडताना मनाला काही बोचत नाही.

सभा कोणाची?

ग्रामपंचायत आणि ग्रामसभा यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. ग्रामपंचायत म्हणजे निवडून दिलेले सदस्य आणि सरपंच. ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस. त्यासाठी निवडून यावे लागत नाही, कुणाचे खास आमंत्रण लागत नाही. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि ग्रामसभेला राज्यघटनेत जागा मिळाली. आपल्या राज्यात तिचे कामकाज १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे चालते. आर्थिक वर्षात किमान चार सभा घ्याव्याच लागतात. पुरेशा कारणाशिवाय त्या घेतल्या नाहीत तर सरपंच पदावर राहण्यास अपात्र ठरू शकतो. प्रत्येक सभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. आपल्या आया-मावश्यांपैकी किती जणी तिला गेल्या आहेत, हे महिला मंडळाने एकदा मोजून पाहावे.

सभेपुढे काय येते? गावाचा विकास आराखडा, जमाखर्च, घरकुलासारख्या योजनांचे लाभार्थी, पाणी, रस्ते, दिवाबत्ती, कचरा. किनाऱ्यावरच्या गावांत याला आणखी काही जोडावे लागते. वाहनतळ कुठे करायचा, त्याचे पैसे किती घ्यायचे आणि ते कुठे खर्च करायचे, टपऱ्या कुणी लावायच्या, किनाऱ्याकडे जाणारी जुनी पाखाडी बंगल्याच्या कुंपणात गेली तर काय करायचे. अलिबागपासून मुरुडपर्यंत ज्यांची घरे आहेत त्यांना हे प्रश्न वर्तमानपत्रात वाचावे लागत नाहीत, दारातून दिसतात.

आता गणपूर्तीचा हिशेब पाहू, कारण खरी मेख तिथे आहे. सभेला एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे हवीत. ४०० मतदारांच्या लहान गावात ६० माणसे लागतात. २,००० मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे ३०० होतात, पण १०० पुरतात. तेवढी माणसेही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट राहत नाही. पंचवीस माणसे आली, तर पंचवीस माणसांत ठराव होतात. ते दोन हजार माणसांचे ठराव ठरतात आणि कायद्याने त्यांत काही चूक नसते.

"ठरवून घेतले सगळे," असे नंतर आपण चहाच्या टपरीवर म्हणतो. ठरवून घेतले असेलही. पण रिकाम्या खुर्च्यांनी त्याला मदत केली, हेही तितकेच खरे.

न जाण्याची कारणे आम्ही पुष्कळ ऐकली आहेत. सर्वांत जास्त वेळा ऐकलेले कारण म्हणजे आपण संख्येने थोडे आहोत, आपले कोण ऐकणार. वर दिलेला हिशेब पुन्हा वाचावा. जिथे शंभरात सभा होते आणि कधी कधी पंचवीसात ठराव होतो, तिथे एका वाडीतली वीस माणसे थोडी नाहीत. दुसरे कारण असे की सभेत भांडणे होतात. होतात, खरे आहे. सभा तापते, जुनी बांधावरची भांडणे मध्येच निघतात, कोणी तरी माईक ओढून घेतो. पण आपल्या लग्नघरांतही हे सगळे होते आणि तिथे आपण जायचे सोडत नाही. तिसरे कारण जरा भारदस्त असते: श्रद्धावंताने या फंदात पडू नये. याचे उत्तर दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली देऊन ठेवले आहे. आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात राजकीय समाजावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. सर्वांच्या हितासाठी मत देणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे, असे त्यात सांगितले आहे. अमुक पक्षाला मत द्या असे चर्च सांगणार नाही, सांगूही नये. गावाच्या सभेला जा, असे मात्र आम्ही निःसंकोच सांगतो.

अलिबाग आणि मुरुडसारख्या नगरपरिषदेच्या हद्दीत राहणाऱ्यांना ग्रामसभा नाही. शहरांतही प्रभागातील मतदारांच्या क्षेत्रसभा असाव्यात म्हणून राज्याने २००९ मध्ये कायद्यात तरतूद केली, पण ती बहुतांशी कागदावरच राहिली. शहरवासीयांसाठी दुसरी वाट आहे. शहराची विकास योजना तयार होते तेव्हा तिचा मसुदा प्रसिद्ध करून ठरावीक मुदतीत हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. बागेसाठी, खेळाच्या मैदानासाठी, दफनभूमीसाठी राखलेली जागा त्या नकाशात असते. ती राहिली की गेली हे त्या मुदतीत पाहायचे असते. नंतर मोर्चे काढून उपयोग थोडा होतो.

महाडचे तळे

सार्वजनिक जागा म्हणजे काय, याचा धडा साऱ्या देशाला आपल्याच जिल्ह्याने दिला आहे. त्या वेळी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. आपल्या मुलांना शाळेत ही हकिगत चार ओळींत शिकवतात. ती सावकाश वाचण्यासारखी आहे, कारण तिच्यात सभा, ठराव, नियम आणि न्यायालय हे सगळे क्रमाने येते.

१९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अशी ठिकाणे अस्पृश्य मानलेल्या लोकांनाही खुली असावीत, असा त्याचा आशय होता. सुरेंद्रनाथ टिपणीस महाड नगरपालिकेचे अध्यक्ष असताना १९२४ मध्ये नगरपालिकेने तसा ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले. ठराव इतिवृत्तात लिहिला गेला आणि तिथेच राहिला. तीन वर्षे ज्यांच्यासाठी तो केला होता त्यांच्यापैकी कोणी त्या पाण्याला हात लावू शकले नाही. कायद्याने वाट मोकळी होती, पण पायऱ्यांवर गाव उभे होते.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक रांगेने तळ्यापर्यंत गेले आणि त्यांनी पाणी प्याले. त्या लोकांना त्याबद्दल मार खावा लागला, आणि नंतर तळ्याचे 'शुद्धीकरण'ही करण्यात आले. पुढे काय झाले ते फार थोड्यांना ठाऊक असते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. ज्या सभागृहाने दार उघडले त्याच सभागृहाने ते बंद केले. मग दावा चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळे वापरण्याचा हक्क मान्य केला. सार्वजनिक पाणी पिण्याला दहा वर्षे न्यायालयात जावे लागले. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि लोकांच्या वापराच्या जागा यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येणार नाही, हे आज राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात आहे. ते वाक्य कुठल्या मातीतून उगवले, ते आपण कुलाबकरांनी विसरू नये.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही 'सर्वांचे हित' या कल्पनेवर पानेच्या पाने लिहिली. महाडच्या या हकिगतीत ती कल्पना पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत आलेली दिसते. ठराव होणे आणि ठरावाप्रमाणे पाय उचलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि सभागृहात कोण बसले आहे यावर केलेला ठराव टिकतो की नाही, हे ठरते.

फलकावरचे नियम

आता किनाऱ्यावर येऊ. पावसाळ्यात समुद्रात उतरू नये, वाळूवर गाडी आणू नये, सुरूच्या बनात चूल पेटवू नये, प्लॅस्टिक टाकू नये, किल्ल्याच्या भिंतीवर नाव कोरू नये. हे नियम आपल्याला पाठ आहेत. तरी दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावरून बुडाल्याची बातमी येतेच.

नियम कधी मानावा, याबद्दल तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी जे लिहून ठेवले ते आजही वापरता येते. त्यांच्या मते कायदा हा बुद्धीला धरून हवा, सर्वांच्या हितासाठी हवा, ज्याच्यावर समाजाची जबाबदारी आहे त्याने केलेला हवा, आणि तो लोकांना जाहीर केलेला हवा. या चार कसोट्या आपल्या फलकांना लावून पाहा. गंमत म्हणून नव्हे, खरोखर लावून पाहा.

वाळूवर गाडी नको, हा नियम घ्या. पर्यटकाला वाटते, एवढी मोकळी वाळू, गाडीने तिचे काय बिघडणार? हरिहरेश्वर, दिवेआगर यांसारख्या आपल्या जिल्ह्यातल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासविणी हिवाळ्यात येऊन वाळूत खड्डा करून अंडी घालतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. घरटे वरून दिसत नाही. चाक गेले की वाळू दाबली जाते आणि खालचे सगळे संपते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांना सर्वोच्च संरक्षण दिले आहे, पण चाकाखालच्या अंड्याला त्या कायद्याचा उपयोग नाही, चालकाने बाहेर गाडी लावली तरच आहे. शिवाय त्याच वाळूत आपली पोरे खेळतात. हा नियम बुद्धीच्या आणि सर्वांच्या हिताच्या कसोटीला पुरा उतरतो.

सुरूच्या बनातल्या चुलीचेही तसेच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड या पट्ट्यात माडपोफळी, आंबे आणि सुरू किती आडवे झाले, ते आपण पाहिले. एक झाड उभे राहायला किती वर्षे जातात हे वाडीवाल्याला सांगावे लागत नाही. जे वादळातून वाचले ते सहलीच्या बिर्याणीसाठी जाळायचे, याला काय म्हणावे?

प्लॅस्टिकबद्दल राज्याने मार्च २०१८ मध्ये बंदीची अधिसूचना काढली. पहिल्यांदा सापडल्यास ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद, असा तिचा दंड आहे. दंडाचे आकडे आम्ही मुद्दाम दिले. आपले नियमपालन बहुतेक वेळा दंड घेणारा समोर उभा आहे की नाही यावर चालते, म्हणून. ३१ डिसेंबरची रात्र, लग्नाआधीचे फोटो, वाढदिवसाचा केक तोंडाला फासून उरलेला डबा वाळूत सोडणे, यांत फक्त मुंबई-पुण्याची माणसे नसतात. धर्मशिक्षणवर्गाच्या सहलीला निघताना मुलांच्या हाती एकेक रिकामी गोणी द्यावी, ही आमची शिक्षकांना विनंती आहे. आणि ती भरून परत आणावी.

चौथी कसोटी आहे जाहीर करण्याची. गंजलेला, वाकडा झालेला, फक्त इंग्रजीतला किंवा गाड्यांच्या मागे दडलेला फलक हा जाहीर केलेला नियम म्हणता येईल का? आम्हाला वाटते, नाही. पण यावर उपाय नियम मोडणे हा नाही. नवा फलक, मराठीत, वाहनतळाच्या तोंडाशी लावावा असा अर्ज ग्रामपंचायतीला देणे, हा आहे. एका पानाचे काम आहे.

ज्यांच्यावर भार पडतो

मात्र प्रत्येक नियम या कसोट्यांना उतरतो असेही नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या माथेरानचे पाहा. ४ फेब्रुवारी २००३ रोजी ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाले. दस्तुरीच्या पुढे मोटारींना बंदी, आणि त्या बंदीमुळे तिथली झाडी आणि तांबडी माती अजून टिकून आहे. पण मोटार नाही म्हटल्यावर चढावर पर्यटकांना ओढत नेण्याचे काम माणसांनीच करायचे. माणसाला माणसाने ओढायची हातरिक्षा पुष्कळ वर्षे चालू राहिली. डोंगराच्या हिताचा नियम बरोबर होता, त्याचा भार मात्र सगळा काही गरीब खांद्यांवर होता. हातरिक्षा ओढणाऱ्यांनी नियम मोडून मोटारी आणल्या नाहीत. त्यांनी ई-रिक्षाची मागणी लावून धरली, न्यायालयापर्यंत गेले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना वाट दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला.

किनाऱ्यावरही हाच प्रश्न येतो. सुशोभीकरण होते, पदपथ होतो, बाकडी बसतात, आणि एके दिवशी कळते की जिथे आपल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या मासळी वाळवत आल्या तिथे आता 'मासळी वाळवू नये' असा फलक आहे. पर्यटकाला वास नको असतो. भरती आणि ओहोटी यांच्या मधली वाळू कुणाच्या खासगी मालकीची नसते, ती सरकारची, म्हणजे सर्वांची. मग सर्वांमध्ये मासळीवाली येते की नाही? असा नियम जिथे होतो तिथे तो कोणत्या बैठकीत झाला, त्या बैठकीला मासळीवाल्यांपैकी कोण होते, हे विचारले पाहिजे. बहुतेक वेळा उत्तर मिळते, कोणी नव्हते. पहाटे बंदरावर जाणाऱ्या बाईला अकराच्या सभेची नोटीस कोण वाचून दाखवणार? आपल्या समूहांनी हे काम उचलावे. नोटीस सभेच्या किमान सात दिवस आधी लागते. फळ्यासमोरून रोज जाणारे एक तरी पोर प्रत्येक वाडीत असते.

जिथे गणपूर्ती लागत नाही

मोठ्या कारखान्यांची आणि बंदरांची जनसुनावणी हा सभेचा वेगळा प्रकार आहे. थळ, साळाव, डोलवी, दिघी ही नावे आपल्याला परकी नाहीत. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे अशा प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देण्याआधी स्थानिक लोकांची सुनावणी घ्यावी लागते. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत जाहीर करावे लागते, त्यांत एक वर्तमानपत्र स्थानिक भाषेतले हवे. जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्षस्थानी बसतात. सगळ्याचे चित्रीकरण होते. शेवटी लोकांनी मांडलेले मुद्दे त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचे असतात. ते वाचून होईपर्यंत उठू नये, कारण आपण बोललो ते तिथे आले की नाही हे त्याच वेळी कळते.

आणि या सुनावणीला गणपूर्तीची अट मुळीच नाही. मंडपात दहा माणसे असोत की दहा हजार, सुनावणी झाली असेच लिहिले जाते.

लोक गेले तर काय होते, हे पेण तालुक्याने दाखवले आहे. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी तिथली शेतजमीन घ्यायची ठरली तेव्हा हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांतील शेतकऱ्यांचे मत प्रशासनाने २१ सप्टेंबर २००८ रोजी घेतले. ते मत कायद्याने सरकारवर बंधनकारक नव्हते. तरी लोक रांगा लावून गेले आणि बहुसंख्यांनी विरोधात मत दिले. ते क्षेत्र पुढे उभे राहिले नाही. त्यामागे इतरही कारणे होती. विकास कोणता चांगला आणि कोणता नाही, यावर आपल्या धर्मग्रामातही दोन मते असतील, आणि असावीत. ती दोन्ही मते मंडपात ऐकू आली पाहिजेत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

सभेला जाताना

आता थोडे व्यवहाराचे. विषय मांडायचा असेल तर तो सभेच्या काही दिवस आधी सरपंचांच्या नावे लेखी द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. अर्जात एकच विषय असावा. "गावाचा विकास करावा" असे लिहिलेल्या अर्जाचे कुणी काही करू शकत नाही. "अमुक घरापासून किनाऱ्यापर्यंतची पाखाडी कुंपणाने बंद झाली आहे, ती मोकळी करण्याचा ठराव व्हावा" असे लिहिले तर काही तरी उत्तर द्यावेच लागते. सभेत उभे राहून आपले नाव सांगावे, दोन मिनिटांत बोलावे आणि बसावे. कोणी तापले तर आपण तापू नये. समोरचा उद्या आपल्या मयताला खांदा देणारा शेजारी आहे. आधी चार शेजाऱ्यांशी बोलून जावे. ते कोणत्या धर्माचे, कोणत्या जातीचे, हा प्रश्न पाखाडीला नसतो. चर्चची माणसे गठ्ठ्याने आली आणि गठ्ठ्याने उठून गेली, असे होऊ देऊ नका. आपण गावाचे म्हणून जातो.

ठराव आपल्या विरुद्ध गेला तर? तर तो पाळायचा आणि पुढच्या सभेला पुन्हा विषय मांडायचा. सभेला गेलो, पण निकाल आवडला नाही म्हणून नियम मानणार नाही, असे म्हणणारा माणूस सभेला न जाणाऱ्यापेक्षा फारसा वेगळा नाही. ज्या नियमाने कुणाच्या माणूसपणालाच धक्का लागतो त्याची गोष्ट निराळी. तिथे महाडसारखे उघडपणे, दिवसाढवळ्या, परिणाम भोगायची तयारी ठेवून जावे लागते. रात्री गुपचूप वाळूवर गाडी घालणाऱ्याने स्वतःला सत्याग्रही समजू नये.

सभा संपताना सही केल्याशिवाय निघू नका, पण कोऱ्या पानावर सही करू नका. इतिवृत्त ग्रामसेवक लिहितात. २०२४ मधील शासन निर्णयानंतर त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी असे नाव मिळाले आहे. आपला मुद्दा लिहिला का, हे त्यांना तिथल्या तिथे नम्रपणे विचारावे. आठवड्याभराने इतिवृत्ताची प्रत मागावी. सहज मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचे शुल्क भरून अर्ज करावा, ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अर्जाचे कोरे नमुने चर्चच्या कार्यालयात ठेवले आहेत, ज्यांना लिहिता येत नाही त्यांना युवक संघाची मुले रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर मदत करतील. मिळालेली प्रत घरी ठेवू नका. सप्टेंबरच्या समूहबैठकीला घेऊन या आणि सर्वांसमोर मोठ्याने वाचा.